पिझ्झ्यावरची अळंबी : काय तपासावे, काय तपासू नये?

आपल्या स्वयंपाकघरात नियमांचा तुटवडा कधीच नसतो. पिझ्झा हा तसा परक्या मुलखातून आलेला पदार्थ. पण तो आला तो आपले नियम बरोबर घेऊनच. आज तालुक्याच्या गावीही घरच्या घरी पिझ्झा भाजला जातो, आणि त्यावर अळंबी घालायची वेळ आली की चारही बाजूंनी सूचना सुरू होतात. ‘अळंबी धुऊ नये, ती पाणी पिते.’ ‘अळंबी आधी परतूनच घालावी.’ ‘पांढरीशुभ्र असेल तीच घ्यावी.’ आणि याच ओघात, त्याच सुरात, चौथी सूचना येते : ‘रानातली अळंबी असेल तर शिजवताना चांदीचा चमचा घालून पाहावा, चमचा काळा पडला नाही तर खुशाल खावी.’

विद्यार्थी मित्रहो, या चार वाक्यांचा तोंडवळा सारखा आहे. चारही वाक्ये कोणी तरी मोठ्या माणसाने किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाने खात्रीपूर्वक सांगितलेली असतात. पण त्यांतले एक अर्धवट खरे आहे, एक परिस्थितीनुसार खरे आहे, एक बव्हंशी निरर्थक आहे, आणि एक माणसाचा जीव घेणारे आहे. कोणते कुठे बसते हे ओळखायचे कसे?

१९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे आपल्या नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. शाळेत आपण हे कर्तव्य पाठ करतो. ‘ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, प्रयोग करून पाहा’ असा त्याचा अर्थ शिक्षक सांगतात, आणि तो योग्यच आहे. परंतु माझ्या मते हा अर्थ अपुरा आहे. प्रत्येक नियम स्वतः तपासून पाहण्याजोगा नसतो. कोणता नियम आपण घरी तपासावा आणि कोणता मुळीच तपासू नये, हे ठरवता येणे हाही वैज्ञानिक दृष्टिकोनाचाच भाग आहे. किंबहुना तो आधीचा भाग आहे. पिझ्झ्यावरची अळंबी हे याचे फार चांगले उदाहरण आहे. ते आपण जरा खोलात जाऊन पाहू.

पाणी आणि हवा यांची गाठोडी

अळंबी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. ती कवकवर्गातली आहे. बाजारात निळसर खोक्यात किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टनात मिळणारी बटन अळंबी म्हणजे त्या कवकाचा जमिनीवर येणारा, बीजाणू तयार करणारा भाग. तिच्या वजनातला सुमारे ९२ टक्के भाग निव्वळ पाणी असतो. म्हणजे १०० ग्रॅम अळंबी विकत घेतली तर आपण ९२ ग्रॅम पाणी आणि ८ ग्रॅम इतर पदार्थ घरी आणतो. तिचे शरीर बारीक तंतूंच्या जाळ्याचे असते आणि तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. अळंबी पाण्यात टाकली की तरंगते ती या हवेमुळेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भाज्यांच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते. म्हणून बटाटा किंवा दुधी जास्त शिजवला की त्याचा लगदा होतो. अळंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असते तेच हे द्रव्य. स्वयंपाकाच्या उष्णतेला ते दाद देत नाही. त्यामुळे अळंबी पाच मिनिटे परतली काय आणि वीस मिनिटे परतली काय, तिचा लगदा होत नाही. ती फक्त आक्रसते आणि पाणी सोडते. पिझ्झ्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे. आधी परतून पुन्हा भाजली तरी ती टिकून राहते.

उष्णतेचा जमाखर्च

आता दुसऱ्या नियमाकडे वळू : ‘अळंबी आधी परतूनच घालावी.’ हा नियम खरा आहे का? वाद घालण्याऐवजी हिशेब करू.

समजा, आपण १० इंची, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर व्यासाच्या पिझ्झ्यावर १०० ग्रॅम कच्ची अळंबी पसरली. चांगली भाजलेली अळंबी हवी असेल तर तिचे वजन निदान ४० ग्रॅमपर्यंत उतरले पाहिजे. म्हणजे ६० ग्रॅम पाण्याची वाफ झाली पाहिजे. आधी ९२ ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे : ९२ गुणिले ७०, म्हणजे सुमारे ६,४०० कॅलरी. मग ६० ग्रॅम पाण्याची वाफ करायची. पाण्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा ग्रॅममागे ५४० कॅलरी. ६० गुणिले ५४०, म्हणजे ३२,४०० कॅलरी. एकूण गरज झाली सुमारे ३८,८०० कॅलरींची. पाणी तापवण्यापेक्षा त्याची वाफ करण्यास पाचपट उष्णता लागली, हे लक्षात आले ना? परीक्षेत ‘अप्रकट उष्मा म्हणजे काय’ याचे उत्तर लिहिताना जी गोष्ट नुसती व्याख्या वाटते, तीच इथे पिझ्झा ओला राहतो की कुरकुरीत होतो हे ठरवते.

ही झाली खर्चाची बाजू. जमेची बाजू काय सांगते? घरचा ओव्हन बहुधा २५० अंशांपर्यंत तापतो, आणि पिझ्झा त्यात आठ-दहा मिनिटे राहतो. ओव्हनच्या तापलेल्या भिंतींपासून प्रारणाने मिळणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. हा नियम तुम्ही अकरावी-बारावीत शिकाल. आज त्याचे उत्तर तेवढे घ्या. २५० अंशांच्या भिंती आणि १०० अंशांचा ओला पृष्ठभाग धरला, तर आपल्या पिझ्झ्याच्या वरच्या अंगाला प्रारणाने जास्तीत जास्त १५० वॉटच्या आसपास उष्णता मिळते. गरम हवेच्या अभिसरणाने त्याच्या निम्मी आणखी. एकूण धरा २३० वॉट. आठ मिनिटांत, म्हणजे ४८० सेकंदांत, ही उष्णता सुमारे १,१०,००० ज्यूल, अर्थात २६,००० कॅलरी भरते.

गरज ३८,८०० ची आणि मिळकत २६,००० ची! आणि ही मिळकतही एकट्या अळंबीची नाही. तिच्यातच चीज वितळायचे आहे आणि टोमॅटोच्या सॉसमधले पाणी आटवायचे आहे. आकडे ढोबळ आहेत, हे मी मान्य करतो. तुमच्या ओव्हनचा पंखा चालू असेल तर मिळकत वाढेल. ओव्हन जुना असेल तर घटेल. पण एवढी मोठी तूट ढोबळपणाने भरून निघत नाही. जे पाणी वाफ होऊन उडाले नाही, ते कुठे तरी जाणारच. ते अळंबीतून पाझरून चीजखाली साचते आणि खालची पोळी भिजवते. पिझ्झ्याचा मधला भाग ओला का राहतो, या प्रश्नाचे उत्तर असे जमाखर्चात सापडते.

आता हाच हिशेब ३० ग्रॅम अळंबी पातळ चिरून घातली असे धरून करा. गरज ११,६०० कॅलरींच्या आसपास येईल. ही मिळकतीच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणजे थोडी अळंबी, पातळ कापांत, विरळ पसरली तर कच्ची घातली तरी चालते. तात्पर्य, ‘आधी परतूनच घालावी’ हा नियम विशिष्ट परिस्थितीत खरा आहे. नियम सांगणारे ती परिस्थिती सांगत नाहीत. ती आपल्याला हिशेबाने शोधावी लागते.

नेपल्सची भट्टी काय करते?

कोणी म्हणेल, ‘हा दोष घरच्या दुबळ्या ओव्हनचा. पिझ्झ्याचे माहेर असलेल्या नेपल्समध्ये लाकडाची भट्टी असते. तिथे असले प्रश्न येत नसतील.’ शंका रास्त आहे. पारंपरिक नेपोलिटन पिझ्झ्याच्या युरोपीय संघाने मान्य केलेल्या कृतीत भट्टीचा तळ सुमारे ४८५ अंशांवर आणि वरचा घुमट सुमारे ४३० अंशांवर असावा असे सांगितले आहे. पिझ्झा त्यात ६० ते ९० सेकंदच राहतो.

सरासरी ४५० अंश धरून आपल्याच २५ सेंटिमीटरच्या पिझ्झ्याचा हिशेब केला, तर प्रारण आणि अभिसरण मिळून वरच्या अंगाला सुमारे ८७० वॉट मिळतात. घरच्या ओव्हनच्या ही जवळजवळ चौपट झाली. पण वेळ किती? जास्तीत जास्त दीड मिनिट. एकूण उष्णता भरते सुमारे १८,७०० कॅलरी, म्हणजे घरच्या ओव्हनपेक्षाही कमी! शक्ती आणि ऊर्जा या दोन राशींत विद्यार्थी नेहमी घोटाळा करतात. त्यांच्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही. भट्टी प्रखर असल्याने पोळी फुगते, कडेला काळे ठिपके पडतात. पण ओल्या अळंबीचे ढीगभर पाणी उडवायला तिला वेळच नसतो. नेपल्सच्या सर्वांत प्रसिद्ध पिझ्झ्यांवर, म्हणजे मारिनारा आणि मार्गेरिटा यांच्यावर, अळंबी नसतेच. जिथे घालायची तिथे ती थोडी आणि पातळ घालणे किंवा आधी शिजवून घेणे, हे दोनच मार्ग उरतात. भट्टी बदलली म्हणून पदार्थविज्ञान बदलत नाही.

तव्यावरचे शिक्षण

मग परतायची कशी? पसरट कढई किंवा जाड तवा चांगला तापवा. पाच-सहा मिलिमीटर जाडीचे काप एका थरात पसरा. सुरुवातीला तेल नको, मीठ नको, झाकण तर मुळीच नको. झाकण ठेवले की वाफ त्याला लागून पुन्हा पाणी होते आणि आपण केलेला खर्च वाया जातो. एकावर एक थर रचले तर पाझरणारे पाणी उडण्यापेक्षा वेगाने साचते, आणि अळंबी भाजण्याऐवजी उकडते.

आता कान देऊन ऐका. प्रथम काप किंचित चुरचुरतात. मग पाणी सुटते आणि खळखळ उकळू लागते. जोपर्यंत हे पाणी आहे तोपर्यंत अळंबीचे तापमान १०० अंशांच्या वर जाणार नाही, गॅस कितीही मोठा करा. सगळी उष्णता बाष्पनात खर्च होत असते. पाणी संपत आले की आवाज बदलतो. खळखळ जाऊन कोरडी चुरचूर सुरू होते. इथे तापमान वर चढू लागले. १४० अंशांच्या आसपास काप तपकिरी होतात आणि तो खमंग वास सुटतो. प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माइयार यांनी १९१२ मध्ये प्रथम मांडली. आपल्या भाकरीचे डाग, पावाचा तपकिरी कवच आणि भाजलेल्या कॉफीचा रंग याच कुळातले. आता चमचाभर तेल किंवा लोणी आणि मीठ घाला, आणि उतरवा.

परतण्याआधी आणि नंतर वजन करा. जितके वजन घटले तितके पाणी उडाले. त्याला ५४० ने गुणा. १०० ग्रॅमवर ६० ग्रॅम घट झाली तर वर काढलेल्या ३८,८०० कॅलरी खर्च झाल्या. एक ग्रॅम स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे ११,००० कॅलरी मिळतात. त्यातली निम्मी उष्णता भांड्यात पोचली असे धरले तर सात ग्रॅम गॅस लागला. चौदा किलोच्या सिलिंडरमधला हा वाटा किती, ते तुम्ही काढा.

कापांच्या जाडीचाही प्रश्न गमतीचा आहे. उष्णता आतपर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. म्हणून कच्ची घालायची अळंबी दोन-तीन मिलिमीटरचीच हवी. परतून घालायची असेल तर जाड काप बरे, कारण ते आक्रसणारच आहेत.

धुवावी की धुऊ नये?

आता पहिला नियम. ‘अळंबी पाणी पिते’ हे कदाचित सर्वांत लोकप्रिय विधान असेल. अळंबी सच्छिद्र आहे, म्हणून ती स्पंजासारखी पाणी शोषून घेणार, हा तर्क ऐकायला ठीक वाटतो. पण तर्क ऐकायला ठीक वाटणे हा पुरावा नव्हे.

हा नियम तपासण्यास एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा पुरे. अख्ख्या अळंबीचे शंभर-शंभर ग्रॅमचे दोन वाटे करा आणि तिसरा वाटा कापांचा करा. पहिला वाटा नळाखाली दहा सेकंद धुवा. दुसरा पाच मिनिटे पाण्यात बुडवून ठेवा. तिसराही पाच मिनिटे बुडवा. प्रत्येक वेळी चाळणीत निथळून, कापडाने हलके टिपून पुन्हा वजन करा. अळंबीला बाहेरून चिकटलेले पाणी आणि आत शिरलेले पाणी यांतला फरक कळावा म्हणून काचेच्या गोट्याही तशाच भिजवून, टिपून तोला. गोट्या पाणी पीत नाहीत. त्यांचे वजन जेवढे वाढेल तेवढे पाणी नुसते पृष्ठभागावरचे. सर्व प्रयोग तीन-तीनदा करा आणि सरासरी काढा.

अमेरिकन लेखक हॅरल्ड मॅगी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द क्युरियस कुक’ या पुस्तकात असाच प्रयोग दिला आहे. अख्खी अळंबी पाच मिनिटे भिजवूनही तिने शोषलेले पाणी अगदी थोडे भरले. तुमचे उत्तर काय येते ते पाहा. त्यांचे म्हणून मान्य करू नका. आणि उत्तर आले की थांबू नका. त्याचे महत्त्व किती तेही तोला. समजा, शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम पाणी वाढले. ते उडवायला सुमारे ३,००० कॅलरी लागतील. आपला मूळ खर्च ३८,८०० चा. म्हणजे धुण्यामुळे वाढलेला भार आठ टक्क्यांहून कमी. अळंबीत मुळात असलेल्या ९२ ग्रॅम पाण्याची काळजी न करता या पाच ग्रॅमांची चिंता वाहण्यात अर्थ नाही. माती दिसते आहे तर झटपट धुवावी, टिपावी आणि लगेच वापरावी. मात्र धुऊन ठेवून देऊ नये. ओल्या पृष्ठभागावर जिवाणू लवकर वाढतात आणि अळंबी चिकट होते. कापलेल्या अळंबीचे काय होते, ते तुमचा काटाच सांगेल.

निवड कशी करावी?

पांढरेपणाचा नियम बव्हंशी दिखाऊ आहे. बाजारातली पांढरी बटन अळंबी आणि तपकिरी क्रेमिनी किंवा पोर्टोबेलो अळंबी या एकाच जातीच्या आहेत. पांढरा प्रकार १९२० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तपकिरी अळंबीच्या वाफ्यात आपोआप उपजला आणि दिसायला स्वच्छ म्हणून लोकप्रिय झाला. चिरल्यावर किंवा दबल्यावर पांढरी अळंबी तपकिरी होते ती विकरांच्या क्रियेने, जसे सफरचंद होते तसे. हलका तपकिरी डाग म्हणजे नासकेपणा नव्हे. पाहायचे ते हे : हाताला घट्ट आणि कोरडी लागते का? पृष्ठभाग चिकट आहे का? आंबूस वास येतो का? चिकट किंवा वासाची अळंबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

टोपीच्या खालची पडदी मिटलेली असेल तर अळंबी कोवळी आहे. टोपी उघडून गडद पापुद्रे दिसू लागले असतील तर ती पक्व आहे. चव जास्त ठळक, पण पिझ्झ्यावर तिचा काळपट रंग उतरतो. आपल्याकडे मिळणारी धिंगरी अळंबी पातळ पाकळीसारखी असते. ती चिरण्याऐवजी हाताने उभी फाडावी. ती लवकर परतली जाते. डबाबंद अळंबी आधीच उकडून मिठाच्या पाण्यात ठेवलेली असते. ती निथळून, दाबून आणि तव्यावर कोरडी करूनच घालावी. अळंबी तोडल्यावरही श्वसन करते आणि पाण्याची वाफ सोडते. म्हणून ती बंद प्लॅस्टिकपेक्षा कागदी पिशवीत, शीतकपाटात अधिक टिकते.

जो प्रयोग करायचा नाही

आणि आता चौथा नियम : चांदीचा चमचा. काही ठिकाणी चमच्याऐवजी लसूण सांगतात, कुठे तांदूळ. ‘किड्यांनी खाल्लेली अळंबी बिनविषारी’ असेही सांगतात. इथवर ‘तोलून पाहा, मोजून पाहा’ म्हणणारा मी इथे स्पष्टपणे सांगतो : हा प्रयोग करू नका, कोणाला करू देऊ नका.

हे नियम का खोटे आहेत, ते कळायला अळंबी चाखावी लागत नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळवंडतो. अंडे काही विषारी नसते. उलट, ‘डेथ कॅप’ या जगातल्या सर्वांत घातक अळंबीतले ॲमाटॉक्सिन हे विष चांदीला काळे करत नाही. गोगलगाई आणि किडे जी अळंबी निवांत खातात ती माणसाला मारू शकते. त्यांचे शरीर वेगळे, आपले वेगळे. आणि पिझ्झ्याच्या भट्टीची प्रखर उष्णताही इथे कामाची नाही, कारण ॲमाटॉक्सिन शिजवल्याने नष्ट होत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. या विषाची लक्षणे सहसा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. उलट्या-जुलाब होतात, मग रोग्याला काही काळ बरे वाटते, आणि त्या अवधीत यकृताची हानी चालूच असते. म्हणजे ‘थोडी खाऊन पाहू, तासाभरात काही झाले नाही तर उरलेली खाऊ’ हा वरवर शहाणपणाचा वाटणारा प्रयोग नेमका उलटा निष्कर्ष देतो. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली विषारी अळंबी खाऊन १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत चहामळ्यांतली कुटुंबे होती. ही माणसे बेफिकीर नव्हती. नेहमीची भाजी समजून त्यांनी ती शिजवली होती.

धुण्याचा नियम आणि चमच्याचा नियम यांतला भेद आता मांडता येतो. कोणताही नियम तपासण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. चूक झाली तर नुकसान किती? उत्तर किती वेळात कळते? आणि प्रयोग पुन्हा करता येतो का? अळंबी धुण्याच्या प्रयोगात चूक झाली तर एक पिझ्झा ओला होईल, उत्तर दहा मिनिटांत मिळेल, आणि प्रयोग शंभरदा करता येईल. रानातल्या अळंबीच्या बाबतीत चुकीची किंमत प्राण आहे, उत्तर वेळ निघून गेल्यावर येते, आणि चुकणाऱ्याला पुन्हा संधी नसते. शिवाय एका अळंबीने सिद्ध झालेली गोष्ट शेजारच्या दुसऱ्या जातीच्या अळंबीला लागू पडत नाही. दहा वेळा चमचा ‘बरोबर’ ठरला, याचा अर्थ दहा वेळा अळंबी मुळातच निर्विष होती, एवढाच.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळाच्या मातीतून उगवणारी अळंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खातात. तिथले जाणते लोक जागा, हंगाम, देठ, मूळ हे सगळे पाहून ती ओळखतात. ते ज्ञान आदरणीय आहे. पण ते त्या जागेचे आणि त्या माणसांचे आहे. छायाचित्रावरून किंवा मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवरून ते आपल्याला मिळत नाही. अळंबीवर मनापासून प्रेम करणाऱ्या इटलीनेही हे ओळखले. तिथे १९९३ च्या कायद्यानुसार सरकारी आरोग्य विभागात अळंबी तपासणारे प्रशिक्षित निरीक्षक असतात, आणि रानातून अळंबी वेचून आणलेला नागरिक ती त्यांना दाखवू शकतो. ही व्यवस्था म्हणजेही वैज्ञानिक दृष्टिकोनच. जे स्वतः तपासता येत नाही ते जाणकाराकडून तपासून घेणे यात कमीपणा नाही.

लागवडीच्या अळंबीबाबत ही भीती नसते, कारण तिचे बियाणे कोणत्या जातीचे हे ठाऊक असते. हिमाचल प्रदेशात सोलन येथे १९८३ पासून अळंबीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही या विषयावर काम चालते. पिझ्झ्यावर घालायची ती लागवडीचीच अळंबी, एवढा नियम मात्र न तपासता पाळावा.

शिक्षकांना विनंती

काही शिक्षकबंधू-भगिनी म्हणतील, ‘अभ्यासक्रम संपता संपत नाही, त्यात पिझ्झा कुठे आणता? आणि मैदा-चीजच्या पदार्थाचे कौतुक शाळेत कशाला?’ पिझ्झा रोज खावा असे मी म्हणत नाही. पिझ्झ्याऐवजी भेंडीची किंवा वांग्याची भाजी घ्या, हिशेब तोच राहील. पण मुलांना ज्या पदार्थाचे आज कुतूहल आहे त्यातून अप्रकट उष्मा शिकवला तर तो डोक्यात राहतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे. बर्फ आणि वाफेची गणिते अचूक सोडवणारा विद्यार्थी ‘अळंबी का परतायची’ या प्रश्नाला ‘तशी पद्धत आहे’ असे उत्तर देतो, तेव्हा दोष त्याचा नसतो. त्याला गणित शिकवले, पण ते घरी न्यायला शिकवले नाही.

एक तास, एक काटा आणि पावशेर अळंबी एवढेच साहित्य लागेल. शेगडी आणि ओव्हन मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावेत. मुलांनी फळ्यावर चार नियम लिहावेत, त्यांतले कोणते तपासायचे आणि कोणते नाही हे आधी चर्चेने ठरवावे, कारणे लिहावीत, आणि मगच काट्याला हात लावावा. त्या चर्चेला वेळ गेला तरी चालेल. तीत चमच्याचा नियम खोडला गेला आणि एखाद्या मुलाने ते घरी जाऊन आजीला समजावून सांगितले, तर त्या तासाचे चीज झाले असे मी मानेन.